राउटर-फायरवॉलच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात?

वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. राउटर, स्विच, फायरवॉल अशा, नेटवर्कवरची वाहतूक वाहून नेणाऱ्या आणि गाळणाऱ्या उपकरणांच्या सेटिंग्जपर्यंत कोणी पोहोचावे आणि कोणी पोहोचू नये, हा तो विषय. म्हणून या अंकात ही पाचही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण आपल्या कुलपात काय खोट आहे हे सांगणाऱ्याचे घर दाखवून देणे बरे नव्हे.

प्रश्न : महोदय, फोंडा तालुक्यातील एका पतसंस्थेत मी लेखापाल आहे. संगणकाचे थोडेफार कळते म्हणून ती जबाबदारीही माझ्याकडेच आली आहे. मुख्य कचेरीत फायरवॉल आहे आणि दोन शाखा तिच्यामार्फत जोडलेल्या आहेत. ती बसवणारी एजन्सी मडगावची असून काही अडले की त्यांचा माणूस तिथूनच इंटरनेटवरून लॉगिन करून दुरुस्ती करतो. लॉगिनचे नाव ‘ॲडमिन’ असून पासवर्ड त्याला, मला, व्यवस्थापकांना आणि एका शाखाप्रमुखांना ठाऊक आहे. यंदा लेखापरीक्षकांनी ‘प्रशासकीय प्रवेश मर्यादित करावा’ असा शेरा मारला. व्यवस्थापक म्हणतात, फायरवॉल असताना आणखी मर्यादा कशाला? आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : लेखापरीक्षकांचा शेरा योग्य आहे आणि आपण तो गांभीर्याने घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या व्यवस्थापकांच्या मनातला समज फार ठिकाणी आढळतो, तेव्हा आधी त्याविषयी. फायरवॉलमधून पलीकडे जाणारी वाहतूक आणि खुद्द फायरवॉलकडे येणारी वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत दिवसभर माणसे आणि गाड्या चढतात-उतरतात, आणि कोणाला कधी चढू द्यायचे हे फळीजवळ उभा असलेला खलाशी ठरवतो. पण त्याने कितीही दक्षता बाळगली तरी सुकाणूच्या खोलीचे दार उघडे असेल, तर बोट कोणाच्या हाती जाईल याची शाश्वती उरत नाही. फायरवॉलचे नियम म्हणजे तो खलाशी आणि तिचे लॉगिन पान म्हणजे ती सुकाणूची खोली. त्या पानात शिरलेला माणूस नियम तोडत नाही, तो नियमच बदलतो.

मडगावचा माणूस थेट इंटरनेटवरून त्या पानावर पोहोचतो, याचा अर्थ ते पान जगात कोणालाही दिसते. ‘पासवर्ड कठीण आहे’ हे त्यावर पुरेसे उत्तर नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्को कंपनीच्या आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब पानात अशी त्रुटी उघड झाली की, कोणताही पासवर्ड ठाऊक नसताना बाहेरच्या माणसाला उपकरणावर सर्वोच्च अधिकाराचे नवे खाते उघडता येत होते. तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले, आणि जगभरातील हजारो उपकरणे काही दिवसांतच परक्यांच्या ताब्यात गेली. कंपनीचा पहिला सल्ला पासवर्ड बदला असा नव्हता. इंटरनेटकडे तोंड असलेल्या उपकरणांवर ही वेब सेवाच बंद करा, असा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये फोर्टिनेटच्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलमध्येही प्रशासकीय पानाची ओळख-तपासणी चुकवता येईल अशा त्रुटी निघाल्या. नामांकित कंपन्यांची ही गत आहे, तेव्हा आपले उपकरण कोणत्या कंपनीचे आहे यावर विसंबून राहू नये. अमेरिकेच्या ‘सीसा’ या सायबरसुरक्षा संस्थेने तर जून २०२३ मध्ये तिथल्या नागरी सरकारी खात्यांना आदेशच दिला की, असे प्रशासकीय पान इंटरनेटवर उघडे आढळल्यास १४ दिवसांच्या आत ते तिथून हटवावे किंवा त्याच्या पुढ्यात स्वतंत्र प्रवेश-तपासणी बसवावी.

म्हणून पहिले काम आजच करावे. फायरवॉलच्या ज्या पोर्टला इंटरनेटची तार जोडली आहे, त्या पोर्टवर प्रशासनासाठी चालू असलेले एचटीटीपीएस, एचटीटीपी, एसएसएच आणि टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या पद्धतींचे पर्याय बंद करून टाकावेत. मडगावच्या माणसाचे काम अडणार नाही. त्याने आधी व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून कचेरीपर्यंत येणाऱ्या सांकेतिक खासगी मार्गाने, आत यावे आणि मग लॉगिन करावे. व्हीपीएनसाठी त्याला स्वतःच्या नावाचे खाते द्यावे, मोबाइलवर येणाऱ्या एकवेळच्या आकड्याची अट ठेवावी, आणि जमल्यास ते खाते एरवी बंद ठेवून त्याचा फोन आल्यावरच चालू करावे. यात एक गोष्ट विसरू नये. व्हीपीएनचे दारही त्याच फायरवॉलवर असते आणि त्यातही त्रुटी निघतात, त्यामुळे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातली मूळ प्रणाली, वेळच्या वेळी अद्ययावत करण्याची जबाबदारी एजन्सीच्या वार्षिक देखभाल करारात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. करार संपला की त्यांचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे, हेही त्यातच असावे.

दुसरे काम कचेरीच्या आतले आहे. काउंटरवर पासबुक छापणाऱ्या संगणकावरून फायरवॉलचे पान उघडण्याचे काही कारण नाही; त्या संगणकात एखाद्या ईमेलमधून विषाणू आला तर तो आतूनच त्या पानाशी झटापट सुरू करील. प्रशासनासाठी वेगळा व्हीएलॅन (त्याच तारांवर चालणारे पण निराळे ठेवलेले नेटवर्क) करावा, किंवा निदान आपल्या टेबलावरचा एकच संगणक त्यासाठी नेमून फक्त त्याच्या पत्त्याला मुभा द्यावी. फोर्टिनेटच्या फोर्टिगेट फायरवॉलमध्ये प्रत्येक ॲडमिन खात्याला ‘ट्रस्टेड होस्ट’ म्हणजे मान्य पत्ते जोडता येतात, पण तिथे एक मेख आहे. चार खात्यांपैकी एकाला जरी ही मर्यादा लावायची राहिली, तरी लॉगिन पान पूर्वीसारखे सर्वांना दिसत राहते. त्यामुळे ‘आम्ही मर्यादा लावली आहे’ एवढ्यावर समाधान न मानता काउंटरच्या संगणकावर बसून ते पान खरोखरच उघडत नाही ना, हे आपण स्वतः पाहावे.

आता त्या एका ‘ॲडमिन’ नावाविषयी, कारण आमच्या मते आपल्या पत्रातली सर्वांत मोठी अडचण तीच आहे. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत सकाळी शाखेचा संपर्क तुटलेला आढळला, तेव्हा मी लॉग, म्हणजे उपकरणाने स्वतः ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी, उघडून बसलो होतो. आदल्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एक नियम पुसला गेल्याची नोंद स्वच्छ होती आणि करणाऱ्याचे नाव होते ‘ॲडमिन’. पासवर्ड सहा जणांना ठाऊक होता. कोणाच्या मनात खोट होती असे मला आजही वाटत नाही. कोणीतरी दुसरे काही दुरुस्त करताना हात चुकला असावा. पण सहाही माणसे पुढचे कित्येक दिवस एकमेकांकडे संशयाने पाहत राहिली. प्रत्येकाला त्याच्या नावाचे खाते असते, तर जो चुकला त्याला ‘मी केले’ म्हणायला पाच मिनिटे लागली असती आणि उरलेले पाच जण सुटले असते. वेगळी नावे असतात ती प्रामाणिक माणसाच्या संरक्षणासाठी, हे आपल्या सहकाऱ्यांना जरूर सांगावे. नाहीतर त्यांना तो अविश्वास वाटतो.

तेव्हा आपले एक पूर्ण अधिकाराचे खाते, एजन्सीच्या त्या विशिष्ट माणसाचे एक, व्यवस्थापकांना केवळ पाहण्याचा अधिकार असलेले एक, आणि शाखाप्रमुखांना कोणतेही नाही, अशी व्यवस्था पुरेशी आहे. लॉग फायरवॉलच्या बाहेर दुसऱ्या संगणकावर साठवावेत, कारण उपकरण ताब्यात घेणारा माणूस सर्वांत आधी त्यातले लॉग पुसतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार निगमित संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस राखून ठेवायचे असतात, उपकरणांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवायची असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची असते. त्या सहा तासांत ‘ॲडमिन म्हणजे कोण?’ हा प्रश्न शोधत बसावे लागू नये.

प्रश्न : पेडणे तालुक्यात मांद्रे येथे आमचे पाच खोल्यांचे होमस्टे आहे. गेल्या मोसमात एका पाहुण्याने आपल्या फोनवर आमच्या राउटरचे पान उघडून मला दाखवले. त्यात जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी होती, कॅमेऱ्यांसकट. माणूस सज्जन होता म्हणून त्याने सांगितले. राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला आहे. यावर काय उपाय?

उत्तर : त्या पाहुण्याने आपल्यावर उपकारच केले. त्याने केले ते कोणालाही करता येते. फोन वायफायला जोडला की राउटरचा पत्ता फोनच्या सेटिंग्जमध्येच दिसतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो आणि ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिन पान येते. पासवर्ड पुष्कळदा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो, आणि राउटर तर सोप्यावरच्या मेजावर, सर्वांच्या हाताशी.

आत शिरलेला माणूस यादी पाहून थांबला तर ठीक. पण तो डीएनएसचे पत्ते बदलू शकतो. डीएनएस ही संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा खरा पत्ता सांगणारी सेवा असते; ती परक्याच्या हाती गेली की पाहुण्याने बँकेचे नाव अचूक टाकले तरी भलतेच पान समोर येऊ शकते. ही कल्पनेतली भीती नव्हे. ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या विषाणूने हाच उद्योग केला होता. त्याने सुमारे ४० लाख संगणक बाधित केले आणि मूळचा पासवर्ड न बदललेल्या घरगुती राउटरांच्या सेटिंग्जनाही तो हात घालत असे. २०११ मध्ये त्यामागची टोळी पकडली गेल्यावरही बाधित संगणकांचे इंटरनेट अचानक बंद पडू नये म्हणून अमेरिकी यंत्रणांना जुलै २०१२ पर्यंत पर्यायी सर्व्हर चालवत ठेवावे लागले.

कॅमेऱ्यांचीही तीच गोष्ट. २०१६ मधील ‘मिराय’ या विषाणूने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून लाखो उपकरणे काबीज केली, ती कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक टाकून पाहत. त्याच उपकरणांच्या बळावर त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेक तास मोठ्या भागात उघडेनाशी झाली. तेव्हा कॅमेऱ्यांचे आणि डीव्हीआरचे पासवर्डही आजच बदलावेत, आणि फोनवरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून कोणी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याचा क्रमांक दिलेला मार्ग) उघडून ठेवला असेल तर तो बंद करून घ्यावा.

कंपनीने दिलेल्या राउटरवर कंपनीचाही एक दरवाजा असतो, तो आपल्याला दिसत नाही. दुरून सेटिंग्ज बदलण्यासाठी टीआर-०६९ नावाची पद्धत वापरली जाते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच पद्धतीच्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेरून मारा झाला आणि डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. हा दरवाजा फक्त कंपनीच्याच सर्व्हरला उघडतो ना, हे कंपनीला लेखी विचारावे. आपल्यासाठी सर्वांत सोपा मार्ग असा की, कंपनीच्या राउटरमागे स्वतःचा एक राउटर लावावा, त्याचा ॲडमिन पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवावा, आणि पाहुण्यांसाठी त्यावर निराळे ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करावे. मग फोन त्या गेस्ट नेटवर्कला जोडून तपासून पाहावे. आपल्या राउटरला दोन पत्ते असतात, एक गेस्ट बाजूचा आणि एक घरच्या बाजूचा. दोन्ही टाकून पाहावेत, कंपनीच्या राउटरचा तिसरा पत्ताही टाकावा. तिन्ही ठिकाणी काहीच उघडले नाही तर काम झाले. राहता राहिले राउटरच्या पाठीवरचे रीसेटचे भोक. त्यात टाचणी काही सेकंद दाबून धरली की लेबलवरचा पासवर्ड परत लागू होतो. म्हणून राउटर सोप्यावरून उचलून कुलपाच्या खोलीत, उंचावर ठेवावा. फक्त हवा खेळती राहील असे पाहावे, आपल्याकडच्या दमट हवेत बंद कपाटात ही उपकरणे फार काळ टिकत नाहीत.

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये संगणक शिक्षिका आहे. प्रयोगशाळेच्या राउटरचे पान घरूनही उघडावे म्हणून ते इंटरनेटवर ठेवले आहे, पण पोर्ट ४४३ ऐवजी ८४४३ केला आहे. एवढे पुरेल ना?

उत्तर : नाही, बाई. पोर्ट बदलणे म्हणजे दाराची जागा बदलणे. दार तसेच उघडे राहते. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘झीमॅप’ नावाची प्रणाली तयार केली, तिच्या साहाय्याने एकाच संगणकावरून साऱ्या आयपीव्ही-४ (पत्ते देण्याची जुनी, प्रचलित पद्धत) इंटरनेटवरचा एखादा पोर्ट ४५ मिनिटांत तपासता आला. उपकरणावर पोर्ट एकूण ६५,५३५ असले तरी ८४४३ हा तर अशा पानांसाठी सर्रास वापरला जाणारा क्रमांक आहे, शोधणारे तो पहिल्या दहांत पाहतात. घरून काम करायचेच असेल तर वर फोंड्याच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे व्हीपीएन घ्यावे. पण शाळेच्या राउटरला रात्री घरून हात लावण्याची वेळ वर्षातून किती वेळा येते, हेही एकदा मोजून पाहावे.

प्रश्न : पणजीतील एका कंपनीच्या नेटवर्क विभागात मी नुकताच लागलो आहे. सिस्कोच्या स्विचवर ॲक्सेस लिस्ट (कोणत्या पत्त्यांना मुभा आणि कोणाला मनाई याची यादी) लावून एसएसएच लॉगिन फक्त आमच्या विभागाच्या पत्त्यांपुरते ठेवावे, असे काम मिळाले. लिस्ट लावली, ठीक वाटले, सत्र बंद केले आणि नंतर लॉगिनच होईना. वाइल्डकार्ड मास्कच्या जागी मी २५५.२५५.२५५.० लिहिले होते. वरिष्ठ रागावले नाहीत, पण मनात भीती बसली आहे. हे काम सुरक्षितपणे कसे करावे?

उत्तर : मास्कची ही चूक या व्यवसायातल्या बहुतेकांनी एकदा केलेली असते. पत्त्याचा कोणता भाग जुळलाच पाहिजे हे वाइल्डकार्ड मास्क सांगतो आणि त्यात शून्य म्हणजे ‘जुळलाच पाहिजे’; तिथे ०.०.०.२५५ लिहायला हवे होते. लिस्टच्या शेवटी न लिहिलेला ‘बाकी सर्वांना मनाई’ हा नियम असतोच, त्यामुळे मुभेच्या ओळीत गल्लत झाली की मनाई आपल्यालाच लागू होते.

मी स्वतः एकदा भर पावसाळ्यात वाळपईकडच्या एका कचेरीतला स्विच असाच पणजीत बसून बंद करून घेतला होता. खांद्यावर पिशवी, पिशवीत उपकरणाला थेट जोडायची ती फिकट निळी चपटी कन्सोल केबल, आणि तिथे पोहोचल्यावर कळले की कपाटाची चावी ज्याच्याकडे आहे तो शिपाई जेवायला घरी गेला आहे. तो आल्यावर केबल लावली, वेग ९६०० ठेवला, एंटर दाबले, आणि काळ्या पडद्यावर स्विचचे नाव उमटले तेव्हा जीव भांड्यात पडला. चुकीची ओळ पुसायला अर्धे मिनिटही लागले नाही. त्या दिवसापासून मी दोन सवयी सोडल्या नाहीत आणि त्याच आपल्याला सांगतो.

पहिली सवय अशी की, बदल करताना उघडे असलेले सत्र कधीही बंद करायचे नाही. व्हीटीवाय ओळींवर (दुरून येणारी लॉगिन ज्यांतून होतात त्या) ॲक्सेस-क्लास, म्हणजे लिस्ट लागू करणारी आज्ञा, लावले तरी चालू सत्र तुटत नाही, मर्यादा नव्या जोडणीला लागते. म्हणून पहिली खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहावे. जमले तर ठीक, नाहीतर पहिल्या खिडकीतून ओळ मागे घ्यावी. दुसरी सवय म्हणजे उपकरणाला आधीच सांगून ठेवायचे की, दहा मिनिटांत मी परत बोललो नाही तर पूर्वस्थितीला जा. सिस्कोमध्ये बदल साठवण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ द्यावे. सर्व ठीक झाले की ‘रीलोड कॅन्सल’ करून मगच साठवावे. ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ हेच काम उपकरण पुन्हा सुरू न करता करते. मायक्रोटिकमध्ये ‘सेफ मोड’ चालू ठेवला, तर सत्र तुटताच केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात. कामाच्या वेळेत स्विच रीलोड होणे परवडणारे नसेल तर हा उद्योग संध्याकाळी करावा.

आता लिस्ट बरोबर लावूनही दार कुठे उघडे राहते, ते पाहू. व्हीटीवाय ० ते ४ या ओळींवर मर्यादा लावून माणसे थांबतात, पण पुष्कळ स्विचवर ५ ते १५ या ओळीही असतात. पहिल्या पाच ओळी व्यापल्या की सहावा माणूस पत्त्याच्या तपासणीशिवाय लॉगिनपर्यंत पोहोचतो. आयपीव्ही-६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर त्यासाठी वेगळी लिस्ट लागते, आयपीव्ही-४ ची लिस्ट तिकडे पाहतसुद्धा नाही. वेब सेवा लागत नसेल तर बंदच करावी. एसएनएमपी या उपकरणांवर देखरेख ठेवण्याच्या पद्धतीत ‘पब्लिक’ हा परवलीचा शब्द राहिला असेल तर तो काढावा, आवृत्ती ३ वापरावी आणि तिलाही पत्त्यांची मर्यादा लावावी. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघड्या अक्षरांत जातो, म्हणून ट्रान्सपोर्टमध्ये फक्त एसएसएच ठेवावे. कंपनीत कुठे मायक्रोटिक असेल तर तिथे ‘सर्व्हिसेस’मध्ये पत्ते मर्यादित केले तरी मॅक-विनबॉक्स आणि मॅक-टेलनेट ही त्याची लॉगिन साधने त्याला जुमानत नाहीत, कारण ते आयपी पत्त्याशिवायच जोडले जातात; ते स्वतंत्रपणे एखाद्याच पोर्टपुरते ठेवावे लागतात. विनबॉक्सचा ८२९१ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणाऱ्यांना २०१८ मध्ये मोठा फटका बसला. त्यातल्या एका त्रुटीमुळे बाहेरच्या माणसाला वापरकर्त्यांची फाइलच वाचता येत होती, आणि दुरुस्ती एप्रिलमध्ये येऊनही ज्यांनी ती लावली नाही असे असंख्य राउटर पुढे महिनोन्महिने लुटले गेले.

पुढे कधी आपल्याकडे टॅकॅक्स प्लस, म्हणजे सर्व उपकरणांचे लॉगिन एका सर्व्हरवर तपासणारी पद्धत, येईल. त्यात कोणी कोणती आज्ञा द्यावी इथपर्यंत अधिकार ठरवता येतात आणि दिलेली प्रत्येक आज्ञा नावानिशी नोंदली जाते. आमच्या मते उपकरणांच्या प्रशासनासाठी ते रेडियस या तशाच दुसऱ्या पद्धतीपेक्षा सरस आहे. मात्र सर्व्हरच बंद पडला तर काय, याचा विचार आधी व्हावा. लॉगिन कुठे तपासायचे याच्या यादीत शेवटी ‘लोकल’ लिहिले असेल तर सर्व्हरकडून उत्तरच न आल्यास स्विचवरचे स्थानिक खाते चालते. पण सर्व्हरने उत्तर देऊन नकार दिला तर ते चालत नाही. हा फरक पुष्कळांना अडचणीच्या वेळीच कळतो. ते स्थानिक खाते दीर्घ पासवर्डासह राखून ठेवावे आणि एरवी कोणी वापरू नये. कन्सोलवर कंटाळून कोणी ‘एक्झेक-टाइमआउट ० ०’ लिहून ठेवले असेल तर तेही काढावे, नाहीतर एकदा उघडलेले सत्र पुढच्या येणाऱ्यासाठी तसेच उघडे राहते.

भीतीविषयी एवढेच सांगतो की, ती काही काळ राहू द्यावी. ज्या हातांना ती ठाऊक असते ते दुसरी खिडकी उघडायला विसरत नाहीत.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातील आमच्या वाचनालयात आठ संगणक, वायफाय आणि कॅमेरे आहेत. सारी व्यवस्था गावातल्याच एका हुशार मुलाने विनामोबदला उभी केली. आता तो नोकरीसाठी पुण्याला जात आहे. सर्व पासवर्ड एकट्या त्यालाच ठाऊक आहेत आणि ‘कोणाला न सांगणे हीच सुरक्षा’ असे तो म्हणतो. त्याच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, पण समितीच्या सभासदांना काळजी वाटते. त्याला कसे समजवावे?

उत्तर : आपल्या मुलाची निष्ठा खरी आहे, त्याला दुखवू नये. पण प्रवेश मर्यादित करणे म्हणजे तो एका माणसापुरता ठेवणे नव्हे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगर प्रशासनाला २००८ मध्ये याचा कटू अनुभव आला. शहराच्या फायबर नेटवर्कचे पासवर्ड ज्या एका अभियंत्याकडे होते, त्याने ते वरिष्ठांना देण्याचे नाकारले. ते जपणे हेच आपले कर्तव्य, अशी त्याची भूमिका होती. नेटवर्क चालू होते, पण शहराला स्वतःच्याच उपकरणांत शिरता येत नव्हते. अखेर महापौरांनी तुरुंगात जाऊन त्याच्याकडून ते पासवर्ड घेतले, आणि २०१० मध्ये त्याला दोषी ठरवण्यात आले. आपल्या मुलाची त्याच्याशी बरोबरी करण्याचा हेतू मुळीच नाही. पण दुचाकीवरून पडून तो चार दिवस इस्पितळात राहिला आणि त्याच दिवसांत विजेच्या कडकडाटात राउटर जळाला, तर वाचनालय काय करील, हे त्याला शांतपणे विचारावे.

आमच्या गावच्या देवस्थानात दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपे होती आणि तीन किल्ल्या अध्यक्ष, मुखत्यार व खजिनदार यांच्याकडे वेगवेगळ्या असत. लहानपणी मला वाटे की हे तिघे एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. एकट्यावर संशयाचे ओझे पडू नये आणि एकटा नसला तर पेटी कायमची बंद राहू नये, हे पुढे कळले. दुसरी गोष्ट साधण्यासाठी प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली सीलबंद करून ठेवलेली असे. वाचनालयानेही तेच करावे.

मुलाने जाण्यापूर्वी एका वहीच्या पानावर प्रत्येक उपकरणाचे नाव, ते कुठे ठेवले आहे, त्याचा पत्ता, लॉगिनचे नाव आणि पासवर्ड सुवाच्य अक्षरांत लिहावा. कॅपिटल ओ आणि शून्य, स्मॉल एल आणि एक यांतला फरक शेजारी शब्दांत नोंदवावा, कारण हाताने लिहिलेले पासवर्ड बहुधा तिथेच फसतात. इंटरनेट जोडणी आणि कॅमेऱ्यांचे ॲप कोणाच्या मोबाइल क्रमांकावर व ईमेलवर नोंदले आहे, हेही लिहावे, आणि तो क्रमांक त्याचा स्वतःचा असेल तर बदलून वाचनालयाचा करावा. ही बाब हमखास राहून जाते आणि नंतर ओटीपी पुण्याला जातो. राउटरच्या सेटिंग्जची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. पान आणि पेनड्राइव्ह लिफाफ्यात घालून, जोडावर अध्यक्ष आणि चिटणीस दोघांच्या सह्या घेऊन, तो वाचनालयाच्या तिजोरीत ठेवावा. लिफाफा फोडला तर कोणी, कधी, कशासाठी याची नोंद इतिवृत्तात व्हावी, काम झाले की पासवर्ड बदलावा आणि नवा लिफाफा बंद करावा.

पण लिफाफा बंद करण्यापूर्वी एक दुपार राखून ठेवावी. त्या दुपारी समितीतल्या, संगणकाची फारशी सवय नसलेल्या एका सभासदाने ते पान हातात घेऊन राउटरसमोर बसावे आणि मुलाने शेजारी हात जोडून, काहीही न सांगता उभे राहावे. जिथे तो सभासद अडेल ती ओळ मुलाने पुन्हा लिहावी. शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत सर्व उघडले की मगच डिंक लावावा.